खोट्या पिस्तुलाखाली

न्यायालयाच्या दारापाशी, सामान तपासायच्या यंत्रासमोर जी बाई बसायची तिला सगळे घार म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते तिच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. घरी ती नुसती ताई होती, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणारी. इथे तिच्या डोळ्यांना मान होता.

काम ऐकायला सोपं. लोक पिशव्या सरकत्या पट्ट्यावर ठेवतात, पिशवी यंत्राच्या पोटातून जाते आणि पडद्यावर तिच्या आतलं चित्र उमटतं. लोखंड निळं दिसतं. कागद, कापड, लाकूड, खाऊ सगळं नारिंगी. पिशवीचा संशय आला तर लाल बटण दाबायचं, पट्टा थांबतो आणि पलीकडच्या टेबलावरचे काका ती उघडून बघतात. संशय नसला तर हिरवं. घारीची खुर्ची लाकडी आडोशामागे होती, त्यामुळे पिशवी कोणाची हे तिला दिसत नसे. हे मुद्दाम केलेलं. माणूस दिसला की डोळे पिशवीच्या आधी माणसाचाच निकाल लावून मोकळे होतात, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यामुळे घारीला गावभरच्या पिशव्यांची आतली गोष्ट ठाऊक होती, आणि त्या बाहेरून कशा दिसतात याचा पत्ता नव्हता.

या यंत्राला खोटंही बोलता यायचं. दिवसभर डबे, छत्र्या आणि किल्ल्यांचे जुडगे बघून डोळे उघडे असूनही झोपी जातात. म्हणून यंत्र मधूनच एखाद्या भल्या माणसाच्या पिशवीच्या चित्रावर आपल्याजवळचं खोटं पिस्तूल चिकटवून द्यायचं. ते ओळखून लाल बटण दाबलं की पडद्यावर पाटी यायची, 'चाचणी होती. बरोबर ओळखलंत.' मग पाटी पुसायची, पिस्तूल निघून जायचं, आणि खाली उरलेली खरी पिशवी नव्याने बघून मगच सोडायची, असा नियम होता.

नियम कागदावर छान दिसतात. खोट्या पिस्तुलाखालच्या पिशवीत आजवर कुणालाही काही सापडलं नव्हतं. म्हणून या खुर्चीवर बसणारे सगळेच एका दमात दोन्ही उरकायचे. एका बोटाने पाटी पुसायची, दुसऱ्याने लगेच हिरवं. याला त्यांनी नावच ठेवलं होतं, टकटक. घारीची टकटक सगळ्यांत चपळ. शोधत होतो ते सापडलं, शाबासकीही मिळाली, आता डोळ्यांनी आणखी कशाला राबायचं? माणसाच्या डोक्याची ही खोडच आहे. आपल्याला ती नाही असं घारीला वाटायचं, एवढंच.

त्या सकाळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी आईकडे राहणार की बापाकडे, याची आज वरच्या मजल्यावर सुनावणी होती. धाकटी लेकीला घेऊन गेल्या हिवाळ्यापासून ताईकडेच राहत होती. नवऱ्याने फोनवर एकदाच, अगदी शांतपणे सांगितलं होतं, "कोर्टाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पोर तुला मिळणार नाही. आणि मिळालीच, तर तू राहणार नाहीस." तेव्हापासून घरात फोन वाजला की धाकटीच्या हातातलं भांडं खाली पडायचं.

घारीने येताक्षणी काकांना गाठलं होतं. "काका, तो आला की नजर ठेवा त्याच्यावर. उंच आहे, करडा कोट असतो, आणि तोंडावर सदा हसू. त्या हसण्यावर जाऊ नका."

"तू नको काळजी करू गं," काका म्हणाले. "लाल लागल्याशिवाय मला कुणाची पिशवी उघडता येत नाही, पण बघायला कोण अडवतंय? बघून बघून भाजून काढतो त्याला."

मग दारं उघडली आणि गर्दीचा लोंढा आला. पिशव्यांमागे पिशव्या. डबा, चष्म्याचं घर, कागद, छत्री. घार आडोशामागून कान देऊन होती, पण त्या कोलाहलात करड्या कोटाचा आवाज कुठला आणि धाकटीचा कुठला, काही कळेना. मधेच यंत्राने एका पिशवीवर आखूड नळीचं पिस्तूल चिकटवलं. घारीने लाल दाबलं. पाटी आली. टकटक. पिशवी पुढे गेली.

गर्दी ओसरली तेव्हा काकांनी चहा आणून दिला. घारीने डोळे मिटले आणि पापण्या बोटांनी दाबल्या. पडद्यासमोर बसणाऱ्यांची ही सवयच असते, कारण डोळे मिटले तरी आत चित्रं सरकत राहतात. डबा सरकला, छत्री सरकली, आणि ते आखूड नळीचं पिस्तूल पुन्हा आलं. त्याच्या नळीखाली आणखी एक निळी रेघ होती. बारीक, सरळ, अर्धी झाकलेली.

तिने डोळे उघडले. यंत्राजवळ पिस्तुलं होती मोजकीच, आणि ती तिला तोंडपाठ होती. या पिस्तुलाला खाली रेघबिघ काही नसते. म्हणजे ती रेघ पिस्तुलाची नव्हती. ती पिशवीतली होती, आणि पिशवी आत गेली होती.



लाल बटण दाबलेली चित्रं यंत्र जपून ठेवायचं, पण ठेवायचं ती खोट्या पिस्तुलासकटच. घारीने ते चित्र पुन्हा पडद्यावर आणलं. चष्म्याचं घर, किल्ल्या, एक गोल डबी, कागदांचा गठ्ठा, त्यात टाचण्यांसारख्या काही बारीक वाकड्या तारा. मधोमध पिस्तूल बसलेलं, आणि त्याच्या आडून डोकावणारं निळं टोक. पट्टी असेल, ती मनाशी म्हणाली, आणि ती पट्टी दिसली. छत्रीची काडी असेल, म्हटलं की काडी दिसली. मग तिने स्वतःला बजावलं, नीट बघ, हे पातं आहे. आणि ते इतकं पातं दिसलं की तिच्या अंगावर काटा आला. चित्र तेच होतं. डोळेही तेच. डोक्यातलं बदललं की टोक बदलत होतं. घार म्हणवून घेणाऱ्या बाईला वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच आपल्या डोळ्यांचा राग आला.

"काका," तिने हाक मारली. "मघाशी गर्दीत पट्टा थांबून लगेच सुरू झाला, आठवतंय? तेव्हा टेबलापाशी कोण होतं?"

काकांनी क्षणभरच विचार केला. "तो होता की तुझा करडा कोट. पिशवीची वाट बघत उभा. वर मला हसून नमस्कार करतो, लबाड."

"नक्की?"

"अगं, त्याच्यावरून नजरच हलवली नव्हती मी."

"आणि बाकी कोण होतं?"

"बाकी..." काका आठवू लागले. बाकी माणसं होती, गर्दी होती. एवढ्यापलीकडे त्यांना एक चेहरा सांगता येईना. पण घारीला ते ऐकायचंच नव्हतं. तिला हवं होतं ते उत्तर तिला मिळालं होतं. पिशवीत पातं, टेबलाशी तो, आणि वर एका बाकड्यावर धाकटी.

आता सुरक्षा विभागाच्या साहेबांना सांगायला हवं होतं, आणि तिथे तिचा पाय अडखळला. मागच्याच महिन्यात तिने एका पिशवीत बॉम्ब ओळखला होता. सगळी इमारत रिकामी झाली, न्यायाधीश भर उन्हात उभे राहिले, आणि पिशवीतून निघालं केस कुरळे करायचं यंत्र. त्या फजितीनंतर साहेब ओरडले नव्हते, ते जास्त वाईट होतं. ते म्हणाले होते, "बाई, खात्री असेल तेव्हाच ओरडत जा." तेव्हापासून ती लाल दाबताना कचरू लागली होती. कचरणारे डोळे कमी बघतात, हे साहेबांना कोण सांगणार?

पण ओरडली नाही आणि वर काही घडलं, तर? तिने फोन उचलला.

साहेब धावतच आले. त्यांनी चित्र जवळून बघितलं, लांबून बघितलं, चष्मा काढून बघितलं. "मला तर ही पट्टी वाटते."

"मलाही वाटली होती."

"मग?"

"साहेब, मी पिस्तूल गेल्यावर खालची पिशवी बघितलीच नाही. टकटक केली. आपण सगळेच करतो." हे म्हणताना तिची मान आपोआप खाली गेली. "आणि त्या वेळी माझ्या बहिणीचा नवरा टेबलापाशी होता. त्याने तिला मारायची धमकी दिलीय."

साहेबांनी दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. हिशोब त्यांच्या कपाळावर दिसत होता. "इमारत रिकामी नाही करायची," शेवटी ते म्हणाले. "दार बंद ठेवतो. वर जाऊन फक्त त्याची बॅग बघू. निघालं तर निघालं. नाही निघालं, तर बाई, उद्यापासून या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल."

वरच्या मजल्यावर लांब बोळ होता, दोन्ही भिंतींना बाकडी. एका टोकाला करडा कोट, शेजारी त्याचे वकील. दुसऱ्या टोकाला धाकटी, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. तिच्या वकीलबाई आत दालनात कागद देऊन येते म्हणून गेल्या होत्या. धाकटी धडधाकट दिसली तेव्हा घारीच्या जिवात जीव आला, पण तिच्याकडे जायला वेळ नव्हता.

साहेबांनी करड्या कोटासमोर उभं राहून बॅग मागितली.

"घ्या की," तो म्हणाला, आणि हसला. "ताई, तुम्ही स्वतः वर आलात? काही चुकलं का माझं?"

काकांनी बाकड्यावरच बॅग उघडली. बोळातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. शिपाई वळला, लेकराला कडेवर घेतलेली एक बाई वळली, भिंतीला टेकून डुलक्या घेणारा म्हातारा जागा होऊन पुढे वाकला. काका एकेक वस्तू काढून ठेवू लागले. कागद. पाण्याची बाटली. जेवणाचा डबा. रुमाल. चार्जर. घार प्रत्येक वस्तू पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघत होती. चष्म्याचं घर नव्हतं. गोल डबी नव्हती. काकांनी बॅग उलटी करून झटकली, अस्तर चाचपलं. शिसपेन्सिलीचा एक तुकडा खाली पडला.

ही ती पिशवीच नव्हती.

"झालं समाधान?" त्याचे वकील उठून उभे राहिले. "साहेब, हे लिहून घ्या. मुलीची सख्खी मावशी सरकारी कामाच्या आडून माझ्या अशिलाचा छळ करतेय. मी आत गेल्यावर हेच पहिलं सांगणार आहे."

साहेबांचा चेहरा पडला. करडा कोट हसतच राहिला. घारीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या हाताने धाकटीचा दावा बुडवला. ज्या माणसाला पकडायचं होतं त्याला आयतं घबाड दिलं. तिने धाकटीची क्षमा मागायला तिकडे बघितलं.

धाकटी खाली बघत होती.

घार तशीच थबकली. बोळातला प्रत्येक माणूस, अगदी कडेवरचं लेकरूसुद्धा, त्या उघड्या बॅगेत डोकावत होता. नवऱ्याच्या बॅगेत काय निघतं याची सगळ्यांत जास्त भीती जिला असायला हवी, तिने मान वर केली नव्हती. तिचे हात तिच्या बॅगेवर होते, आणि बोटं पांढरी पडली होती.

घार बोळाच्या त्या टोकाला गेली. जाताना तिला आपल्याच पावलांचा आवाज नको इतका ऐकू येत होता. ती धाकटीशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बॅग दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

धाकटीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "आता कशाला, ताई? सकाळी बघितलीस की."

"काय बघितलं मी?"

"असं काय करतेस?" धाकटी कुजबुजली. "पट्टा थांबला तेव्हा माझा जीवच गेला होता. म्हटलं, संपलं. आडोशावरून तुझं डोकं दिसत होतं. तू पडद्याकडे बघितलंस, अशी मान हलवलीस, आणि पट्टा सुरू झाला." तिचे डोळे भरून आले. "काय सांगू तुला, किती बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. वाटलं, ताईला कळलंय. ताईने बघितलं आणि ताई हो म्हणाली."

बरोबर ओळखलंत, असं यंत्र म्हणालं की तिची मान हलायची, आपल्यालाच शाबासकी दिल्यासारखी. ती मान बघून तिच्या बहिणीने केवढं ओझं खाली ठेवलं होतं.

तिने बॅगेची चेन ओढली. चष्म्याचं घर. गोल डबी. मुलीच्या केसांच्या पिना, कागदांत अडकलेल्या. आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली लाकडी मुठीची सुरी. तिच्याच ओट्यावरची. कालच तिने त्याच सुरीने भाजी चिरली होती. मूठ लाकडाची, म्हणून पडद्यावर ती नारिंगीत हरवली होती, आणि पातं कडेवर उभं असल्याने उरली होती नुसती रेघ. रोज हातात असलेली वस्तू तिला ओळखू आली नव्हती, कारण ती तिथे असेल हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

"कशाला आणलीस?"

"तो पोरीला घेऊन निघाला, तर..."

"तर काय?"

घारीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा चेहरा तिने पाळण्यापासून बघितला होता. ताप आलाय की नुसता कंटाळा, पडलीय की कुणी मारलंय, हे तिला न सांगता कळायचं. आता त्या चेहऱ्यावर स्वतःला वाचवायची भीती होती की दुसऱ्याला संपवायचा निश्चय, हे तिला कितीही बघितलं तरी कळेना. जे समजायचं ठरवावं ते तिथे दिसत होतं.

सुरी गणवेशाच्या खिशात सहज मावली असती. बोळाच्या त्या टोकाला साहेब वकिलांची मनधरणी करण्यात गुंतले होते, काका सामान परत भरत होते. कुणाला काही कळलं नसतं. आणि सुरी निघाली असं जाहीर झालं तर पोर गेली, हे सांगायला वकील लागत नव्हता. घारीने रुमालासकट मूठ धरली. ती खिशाकडे नेणारच होती.

तेवढ्यात दालनाचं दार उघडलं आणि शिपायाने पुकारा केला. दोन्ही पक्षकारांनी आत यावं. करडा कोट उठला.

धाकटीने ताईचं मनगट पकडलं. "राहू दे ना आत," ती म्हणाली. "मी काही करणार नाही. नुसती जवळ असू दे." तिची नजर ताईवर नव्हती. ती ताईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि तिची पकड अशी होती की घारीला हात हलवता येईना.

तिच्या डोळ्यांना जे ठरवता येत नव्हतं ते त्या बोटांनी सांगून टाकलं. आज ही सुरी खिशात घातली तर उद्या ओट्यावर दुसरी असणारच होती.

"साहेब," घार मोठ्याने म्हणाली. "सापडलं."

साहेब जवळ आले. त्यांनी रुमाल बघितला, त्यातलं पातं बघितलं. करड्या कोटाचं हसू पहिल्यांदाच मावळलं, आणि मग हळूहळू परत आलं.

"कुणाची बॅग?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या बहिणीची."

"सकाळी सोडली कुणी?"

"मी."

साहेबांनी आवाज खाली आणला. त्यांना हा प्रश्न विचारायचा नव्हता हे दिसत होतं. "बाई, माहीत असून सोडलीत?"

धाकटीने आता नजर वळवली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, साहेबांकडे नाही, आपल्या सुरीकडेही नाही. ती ताईच्या तोंडाकडे बघत होती, आणि मनगटावरची तिची पकड तशीच होती.

"नाही," घार म्हणाली. "मला दिसलीच नाही."

धाकटीने तिचं मनगट सोडून दिलं.